माती धरायची कुणी? बंडिंगपासून रस्त्याच्या भरावापर्यंत



या पानावर मी नेहमी ज्वारी, तूर, कांद्याचं लिहितो. आज जरा मागचा इतिहास लिहिणार आहे. लांबलंय, पण पावसाळ्याआधी वाचून घ्या. ज्यांच्या रानाच्या वरच्या अंगाला रस्त्याचं, प्लॉटिंगचं नाहीतर गोदामाचं काम चालू आहे, त्यांनी तर वाचाच.

2020 चा ऑक्टोबर आमच्या सोलापूर जिल्ह्यात कुणी विसरणार नाही. 14 तारखेला दिवसभर आणि रात्रभर असा पाऊस झाला, की ओढा कुठला आणि रान कुठलं ते कळेना. आमच्या रानाच्या वर तेव्हा रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं. भराव टाकून ठेवलेला, त्यावर गवताची काडी नाही, कडेनं माती-मुरमाचे ढीग तसेच. मोरीचं तोंड नेमकं आमच्या तालीकडं.

सकाळी जाऊन बघतोय तर पंधरा दिवसांची मालदांडी उगवून आलेली, तिचा खालचा पाऊण एकर पिवळ्या राड्याखाली गाडला गेलेला. कुठं वीतभर, कुठं गुडघाभर. तोच राडा विहिरीत, तोच ओढ्यातनं पुढं गावच्या पाझर तलावात.

शेजारी म्हणाले, "बरं झालं की गड्या, फुकटचा गाळ आला. लोकं तलावातनं भाडं भरून आणत्यात."

त्यांची चूक नाही. 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली, तेव्हापासून गाळ म्हणजे सोनं हे आपल्या डोक्यात बसलंय. पण तलावातला गाळ म्हणजे शेतांच्या वरच्या थराची माती. त्यात शेणखत, पालापाचोळा, कुजलेली मुळं असतात. भरावातनं येतो तो जमिनीच्या पोटातला मुरूम, चुनखडी आणि निर्जीव चिकणमाती. त्यात सेंद्रिय काही नाही. वाळला की पापुद्रा धरतो, वर कडक कवच होतं, खालचं बी वर येत नाही आणि वरचं पाणी खाली जात नाही. पाझर तलावाच्या तळाला हीच बारीक माती बसली की तळाची छिद्रं बुजतात. तलाव भरलेला दिसतो, पण विहिरींना पाझर येत नाही. म्हणून गाळ कुठनं आलाय ते बघितल्याशिवाय त्याला सोनं म्हणू नये.

पंचनामा झाला. गाळ साचल्याची नोंद झाली, कारण लिहिलं 'अतिवृष्टी'. म्हणजे दोष पावसाचा. उघड्या भरावाचं नाव कुठंच नाही. ते वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. माती धरायची जबाबदारी नक्की कुणाची, आणि ती कुणी कधी ठरवली, हे शोधायला लागलो. जे हाती लागलं ते पुढं मांडतो.

फुल्यांपासून सुरुवात

आपल्याकडं ही गोष्ट सगळ्यात ठळकपणे मांडली महात्मा जोतिराव फुल्यांनी. 'शेतकऱ्याचा असूड' 1883 सालचा. शेतकऱ्याच्या कर्जाबद्दल, छळाबद्दल त्यात आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण शेवटाकडं उपाय सांगताना ते मातीवर येतात. सरकारनं आपलं लष्कर आणि जादा पोलीस कामाला लावून जागोजागी ताली-बंधारे घालावेत, म्हणजे पावसाचं पाणी आधी रानात मुरेल आणि मग ओढ्या-नाल्याला मिळेल, असा त्यांचा विचार. डोंगरावरनं येणारं खत वाहून जातं आणि जमीन नापीक होते, हेही त्यांनी ओळखलेलं.

आणखी एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. फुले स्वतः बांधकाम क्षेत्रातले कंत्राटदारही होते. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचं धरण 1870 च्या दशकात बांधलं जात होतं, तेव्हा त्यांनी कामाला लागणारं सामान पुरवलं. म्हणजे दगड-माती उकरणं काय असतं ते त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं, आणि माती धरायला सांगणारेही तेच. एकाच माणसाला दोन्ही बाजू कळत होत्या. पुढं या दोन्ही बाजू वेगळ्या खात्यांत गेल्या आणि एकमेकींशी बोलायच्या थांबल्या, असं मला वाटतं.

सोलापूरची मोजणी आणि 1942 चा कायदा

दुष्काळी भागातल्या शेतीचा पद्धतशीर अभ्यास मुंबई इलाख्यात 1923 साली पुण्याजवळ मांजरीला सुरू झाला. 1933 पासून पुढं देशात पाच ठिकाणी कोरडवाहू संशोधन केंद्रं उभी राहिली, त्यातलं एक आमच्या सोलापूरला. ना. वि. कानिटकर हे त्यातलं मोठं नाव. पाऊस किती पडला, त्यातलं पाणी किती वाहिलं, त्याच्याबरोबर माती किती गेली, हे तिथं वाफे पाडून मोजलं. त्या कामातनं 'मुंबईची कोरडवाहू पद्धत' तयार झाली: बांधबंदिस्ती करा, शेणखत घाला, बी कमी आणि अंतर जास्त ठेवा, कोळपण्या करा. आज आपण जे 'बापजाद्यांपासून' म्हणतो, त्यातलं बरंच काही या वाफ्यांमधनं आलंय.

मग आला 1942 चा मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा. एखाद्या गटाची, गावाची बांधबंदिस्तीची योजना ठरली, की त्यातल्या प्रत्येक जमिनीवर काम व्हायचं. हरकत घेता येत होती, पण योजना मंजूर झाली की एकट्यानं 'माझ्या रानात नको' म्हणून भागायचं नाही. खर्चाचा वाटा जमीनवाल्याच्या नावावर चढायचा आणि नाही भरला तर शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखा वसूल व्हायचा. सक्तीच होती.

आमचे आजोबा त्या बंडिंगची गोष्ट सांगायचे. साहेब दुर्बीण घेऊन आले, चुन्याच्या खुणा मारल्या आणि समपातळीची रेघ सरळ आमच्या रानातनं आडवी गेली. धुऱ्याशी, हद्दीशी त्या रेघेचं काही देणंघेणं नव्हतं. पाणी हद्द बघत नाही म्हणून बांधही बघत नव्हता. आजोबांना वाईट वाटलं ते बांधाखाली गेलेल्या जागेचं. औत वळवायला अडचण, तुकडे वाकडे झाले. गावात काहींनी रात्री जाऊन बांध फोडले.

फोडणारे सगळेच अडाणी नव्हते, हे पण सांगतो. हलक्या, मुरमाड रानात समपातळीचे बांध उत्तम चालले. पण खोल काळ्या रानात पाणी लवकर मुरत नाही. बांधाच्या वरच्या अंगाला ते आठ-आठ दिवस तुंबायचं, पीक पिवळं पडायचं. उन्हाळ्यात त्याच बांधाला भेगा पडायच्या आणि पहिल्या मोठ्या पावसात तो तिथंच फुटायचा. एक फुटला की खालचे ओळीनं फुटायचे. यातनं शिकून मग खोल काळ्या जमिनीत ढाळीचे बांध आले. पाणी पूर्ण अडवायचं नाही, थोडा उतार देऊन हळू चालवायचं आणि दगडी सांडव्यावरनं सुरक्षित बाहेर काढायचं. पुढच्या गोष्टीसाठी हे ध्यानात ठेवा: पाणी नुसतं अडवून भागत नाही, त्याला वाट द्यावी लागते.

तरीही त्या ताली टिकल्या. आमच्या रानातली आजोबांच्या वेळची ताल आजही आहे. 2020 ला अर्धा राडा तिनंच धरला, नाहीतर सगळं रान गेलं असतं.

1972 च्या दुष्काळात याच कामांवर माणसं जगली. रोजगार हमीत नाला बंडिंग, पाझर तलाव, खडी फोडणं आणि रस्ते अशी कामं निघाली. त्या योजनेचा कायदा 1977 ला झाला आणि 1979 च्या 26 जानेवारीपासून लागू झाला. आमची आई खडी फोडायला आणि वडील तलावावर. एकाच घरातली दोन माणसं, एक रस्ता करणार आणि दुसरं माती धरणार. 1983 पासून राज्यात सर्वंकष पाणलोट विकासाचा कार्यक्रम आला आणि सुटे बांध घालण्यापेक्षा माथ्यापासून पायथ्यापर्यंत एकत्र काम करायचा विचार रुजला.

या सगळ्या साठ वर्षांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. माती जाते ती शेतातनं, म्हणून धरायची शेतकऱ्यानं. ते खोटं नाही. 1983 साली ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी देशाचा हिशोब मांडला, तो वर्षाला हेक्टरी सरासरी 16 टनांच्या वर निघाला. म्हणजे एकरी साडेसहा टन. आपलेही हात मातीनं भरलेत, हे कबूल. पण शेताच्या वरच्या अंगाला कुणी दहा एकर उघडे करून पावसाळाभर तसेच ठेवले, तर त्याच्या मातीचं काय? 1906 चा मामलेदार न्यायालयाचा कायदा आहे, त्यात पाण्याचा नैसर्गिक प्रवाह कुणी बेकायदा अडवला आणि शेताचं नुकसान झालं तर तहसीलदाराकडं दाद मागता येते. पण तो आहे अडवलेल्या पाण्याचा. आमच्याकडं आली होती ती सोडून दिलेली माती.

हाच प्रश्न अमेरिकेत

माझा पुतण्या सिव्हिल इंजिनिअर आहे, दुसऱ्या जिल्ह्यात साइटवर असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याला रान दाखवलं. तो म्हणाला, "तात्या, हा प्रश्न अमेरिकेत साठ वर्षांपूर्वीच निघाला होता." मग त्यानं मला मेरीलँड राज्याची कथा सांगितली. पुढं मी त्याच्याकडनं वाचूनही घेतली.

मेरीलँडमधनं अॅनाकोस्टिया नावाची नदी वॉशिंग्टन शहराकडं जाते. तिच्या काठावर 1742 साली ब्लॅडन्सबर्ग हे गाव वसलं. बंदराचं गाव. समुद्रावरची जहाजं तिथपर्यंत यायची आणि तंबाखू भरून जायची. जंगल तोडून तंबाखू लावायचा, रान दमलं की सोडून पुढचं तोडायचं, अशी ती शेती. सगळी माती नदीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बंदर गाळानं इतकं भरलं, की मोठी जहाजं येणं बंद झालं. त्या गाळात दोष शेतकऱ्याचाच होता, हे पण खरं.

त्याची शिक्षा आणि शिकवण पुढं मिळाली. 1930 च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या भागातनं धुळीची वादळं उठली. ह्यू बेनेट नावाचा माती सर्वेक्षणातला माणूस वर्षानुवर्षं ओरडत होता. 1935 साली ती धूळ थेट वॉशिंग्टनपर्यंत पोचली आणि त्याच वर्षी मृदसंधारणाचा कायदा झाला. सरकारी मृदसंधारण खातं आलं, बेनेट त्याचा प्रमुख. 1937 पासून राज्याराज्यांत मृदसंधारण मंडळं निघाली, ज्यांच्या कारभारात शेतकरीच असायचे. समपातळीची नांगरट, पट्टा पद्धत, गवताचे चर, लहान तळी, आच्छादन, हे सगळं शेतकऱ्यांनी शेतकऱ्यांना शिकवलं. हजारो वाफ्यांच्या मोजणीवरनं विशमायर आणि स्मिथ यांनी 1965 साली मातीच्या धुपीचं गणित छापलं. पाऊस किती जोराचा, माती कशी, उतार किती लांब आणि किती तीव्र, वर आच्छादन काय, बांधबंदिस्ती काय. हे गुणायचे आणि किती माती जाईल ते काढायचं. शेतासाठी काढलेलं गणित, पण त्यातलं एकही कलम फक्त शेतालाच लागू पडतं असं नाही.

तोवर दुसऱ्या महायुद्धानंतर वॉशिंग्टन आणि बाल्टिमोरच्या भोवती घरांच्या वसाहती आणि हमरस्ते यांचा सपाटा लागला होता. शेतं शांत झाली, तरी ओढे पिवळेच वाहत होते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले प्राध्यापक वोलमन यांनी 1967 साली, एका निबंधात शिक या सहकाऱ्याबरोबर, आकडे मांडले. त्या भागातल्या शेती-गावांच्या मुलखातनं वर्षाला चौरस मैलाला 200 ते 500 टन माती जात होती. बांधकाम चालू असलेल्या जागेतनं जात होती हजारो टन, आणि काही ठिकाणी एक लाख टनांच्या वर.

आपल्या मापात बघा. चौरस मैल म्हणजे 640 एकर. म्हणजे शेतीभागात एकरी एक टनाच्या आत, आणि उघड्या साइटवर वाईटात वाईट ठिकाणी एकरी दीडशे टन. ट्रॉलीत तीन टन धरले तर एका एकरातनं वर्षाला पन्नास ट्रॉल्या माती. वोलमन यांनी आणखी एक सांगितलं. इमारती उभ्या राहिल्या, रस्ते-हिरवळ झाली, की ही माती येणं एकदम कमी होतं. म्हणजे सगळा घात त्या मधल्या दोन-तीन वर्षांत. कंत्राटदार म्हणतो 'काम तात्पुरतं आहे', ते बरोबर आहे. पण नुकसान नेमकं त्या तात्पुरत्या काळातच होतं आणि खालच्याच्या पदरात ते कायमचं राहतं.

1970 साली मेरीलँडनं कायदा केला. बांधकामाची माती धरायची सक्ती करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य. पाच हजार चौरस फुटांपेक्षा जास्त जमीन उघडी करायची, म्हणजे साडेचार गुंठ्यांच्या थोडं वर, किंवा शंभर घनयार्डांपेक्षा, म्हणजे 27 ब्रासपेक्षा जास्त माती हलवायची, तर आधी माती धरण्याचा आराखडा मंजूर करून घ्यायचा.

आणि आता गंमत बघा. हा आराखडा तपासून मंजूर करायचं काम कुणाकडं दिलं? त्याच मृदसंधारण मंडळांकडं, जी 1937 च्या वेळेला शेतकऱ्यांसाठी निघाली होती. माती कशी धरायची हे त्यांनाच कळत होतं ना. रस्ता करणाऱ्यानं, घरं बांधणाऱ्यानं आधी तिथं जायचं. हे ऐकलं आणि मी पुतण्याला दोनदा विचारलं, खरंच का म्हणून.

पुढं देशभराचा नियमही आला. 1972 च्या पाणी स्वच्छतेच्या कायद्याखाली 1990 ला पाच एकरांवरच्या साइटना परवाना लागू लागला आणि 2003 पासून एक एकरावरच्या. मेरीलँडनं 2011 ला अजून कडक केलं: तीव्र उतार आणि कडेचे बांध-चर तीन दिवसांत झाकायचे, बाकी उघडी जमीन सात दिवसांत. झाकायचं म्हणजे गवताचं बी आणि वर काडाचं आच्छादन.

झाकणं मोठं का, अडवणं मोठं

सात दिवसांत झाकण्यावर त्यांचा एवढा भर का, ते घरी करून बघा. काचेच्या बरणीत मूठभर भरावाची माती घाला, पाणी भरा, हलवून ठेवा. वाळू-मुरूम मिनिटाच्या आत खाली बसतो. त्याच्यावरची पोयटा माती बसायला काही तास लागतात. चिकणमाती मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पाणी गढूळच ठेवते. म्हणून तर आपण प्यायच्या पाण्यात तुरटी फिरवत होतो.

आता मोरीच्या तोंडाशी तुम्ही खड्डा काढला आणि मोठ्या पावसात पाणी त्यात पाच-दहा मिनिटं थांबलं, तर बसेल काय? फक्त जाडभरडं. बारीक माती, जी आपल्या रानावर पापुद्रा धरते आणि तलावाचा तळ बुजवते, ती तशीच पुढं जाणार. ती धरायची असेल तर जागेवरनं उठूच द्यायची नाही. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो तिथंच सुरुवात होते. वर काड असलं की थेंबाचा जोर काडावर जातो.

म्हणून तिथले जाणकार क्रम असा लावतात. एक, लागेल तेवढीच जमीन उघडी करा, सगळा डोंगर एकदम खरवडू नका. दोन, वरनं येणारं चांगलं पाणी चर काढून साइटच्या बाजूनं न्या, उघड्या मातीवरनं जाऊ देऊ नका. तीन, उतार लवकर झाका. चार, उरलेलं पाणी तळ्यात, दगडी बांधात, कापडाच्या कुंपणात थांबवा. कापडाचं कुंपण, ज्याला सिल्ट फेन्स म्हणतात, त्याची खालची कड वीतभर मातीत गाडली नाही तर पाणी खालनं जातं आणि कुंपण नुसतं शोभेचं राहतं. ओढ्याच्या धारेत तर ते लावायचंच नसतं.

वाचता वाचता मला हसू आलं. हा आपलाच माथा ते पायथा आहे. आधी वरचं पाणी वळवा, आच्छादन करा, ढाळ द्या, सांडवा काढा, शेवटी तळं. काळ्या रानातल्या फुटलेल्या बांधांनी आजोबांना जे शिकवलं, तेच.

आपल्या पुस्तकातलं 306

मी पुतण्याला म्हणलं, "त्यांच्याकडं कायदा आहे. आपल्याकडं काय?"

तो म्हणाला, "तात्या, आपल्याकडं पण लिहिलेलं आहे."

केंद्र सरकारच्या रस्ते मंत्रालयाचं रस्ते-पुलांच्या कामाचं एक जाडजूड विनिर्देशांचं पुस्तक आहे, त्याची पाचवी आवृत्ती 2013 ची. राष्ट्रीय महामार्गांची कामं त्यावरनं होतात. त्यात कलम 306 आहे, मातीची धूप आणि गाळ नियंत्रणाचं. काम सुरू करण्याआधी कंत्राटदारानं तात्पुरत्या आणि कायमच्या उपायांचं वेळापत्रक अभियंत्याला देऊन मंजूर करून घ्यायचं. उघडी जमीन शक्य तेवढी कमी ठेवायची. तात्पुरते बांध, गाळतळी, उतारावरनं पाणी उतरवायच्या नळ्या-चर, आच्छादन, गवत, सगळं त्यात आलंय. त्याच्या पुढंच 307 ला हरळीचे गड्डे लावणं आणि 308 ला बी पेरून आच्छादन करणं. भरावाच्या उताराची धूप कशी रोखायची यावर इंडियन रोड्स काँग्रेसचं वेगळं पुस्तकच आहे, क्रमांक 56, पहिल्यांदा 1974 ला निघालेलं.

"मग करत का नाहीत?"

"विचारतंय कोण?" तो म्हणाला. "डांबर किती जाड पडलं ते मोजायला दहा जण येतात. माती खाली गेली का ते बघायला कोण येत नाही."

त्याचं बोलणं मला लागलं. आजोबांना बांध घालायला कायद्यानं लावलं, कारण विचारणारा साहेब गावात येत होता. कलम 306 ला विचारणारा कोण? खालचा शेतकरी. आणि त्याला तर ते कलम ठाऊकच नाही.

2021 च्या मे महिन्यात मी अर्ज लिहिला. त्यात नुकसान, भरपाई, अन्याय असलं काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की अमुक मोरीजवळ कलम 306 प्रमाणे गाळ नियंत्रणाचं काय ठरलं आहे ते कळवावं आणि जूनच्या आत काम करावं. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला. साइटवरच्या तरुण अभियंत्यानं अर्ज दोनदा वाचला. म्हणाला, "काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हणलं, "पुस्तकातच आहे, साहेब."

दोन दिवसांनी जेसीबी आला. मोरीच्या तोंडाशी तीस फूट लांब, दहा फूट रुंद खड्डा काढला, बाहेर पडायला दगडाचा सांडवा केला, वरच्या अंगानं चर मारला. जूनच्या पहिल्या दोन पावसांत खड्डा काठोकाठ भरला, सगळं जाडभरडं. एकदा उपसला. दुसऱ्यांदा उपसायला कुणी आलं नाही, आणि त्यानंतर खड्डा असून नसल्यासारखा. पाणी गढूळ येतच राहिलं. रान वाचलं, पण तलावात गाळ गेला. भरावावर गवत लावलं ते 2022 ला. त्या पावसाळ्यात पहिल्यांदा मोरीतनं पाणी निवळ आलं. बरणीनं जे सांगितलं तेच भरावानं दोन वर्षं लावून सांगितलं.

आमच्या पाऊण एकरावरनं राडा खरवडून काढायला ट्रॅक्टरच्या फाळक्याचे चार दिवस लागले. नंतर दोन वर्षं शेणखत आणि ताग घातला, तेव्हा कुठं ज्वारी वरच्या रानाच्या बरोबरीला आली. विहिरीचा गाळ काढला तो खर्च वेगळाच. पाझर तलावाचा तळ अजून तसाच आहे. तलावाखालच्या विहिरी फेब्रुवारीत तळ गाठतात, पूर्वी एप्रिलपर्यंत चालायच्या. त्या विहिरींवर अकरा घरांचं पोट आहे. त्यांच्यातल्या कुणाचं रान रस्त्याला लागून नाही, त्यामुळं पंचनाम्यात त्यांचं नावही नाही.

रस्त्याला माझा विरोध नाही. त्याच रस्त्यानं आमचा कांदा सोलापूरला जातो. आई खडी फोडायला गेली ती रस्त्यासाठीच. म्हणणं एवढंच आहे, की माती धरायची विद्या या देशात आणि त्या देशातही शेतातनं निघाली. आमच्यावर ती कायद्यानं लादली, आम्ही कुरकुरत का होईना पाळली. जो माती उकरतो त्याच्यासाठीही ती लिहून ठेवलेली आहे. पान उघडून विचारायचं काम मात्र खाली राहणाऱ्याचं आहे.

मे महिना हातात आहे. वरच्या अंगाला काम चालू असेल तर एकदा जाऊन बघा: पाणी कुठनं उतरणार, उतार झाकलाय का, गाळाचा खड्डा आहे का आणि तो उपसणार कोण. दिसेल ते तारखेसह फोटो काढून ठेवा आणि अर्जाची पोच घ्या. कृषी सहायक आणि अभियंते हे वाचत असतील तर त्यांनी आपापल्या भागातला अनुभव खाली लिहावा, विशेषतः काळ्या मातीच्या भरावावर कोणतं गवत लवकर धरतं ते. आमच्याकडं पवना आणि मारवेल बरं आलं, हरळी उशिरा धरली.

पुढच्या वेळी परत तुरीवर येतो. राम राम.